बोल्टचे दहा फेरे

वर्कशॉपमध्ये नवा माणूस आला की जुना मेकॅनिक सलीमभाई त्याला चहा द्यायचा आणि दिगंबरकाका त्याच्याकडे संशयाने पाहायचे. मी आलो त्या दिवशी दोन्ही झालं. माझ्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेली इंजिनिअरिंगची पदवी. समोर साठीकडे झुकलेला, खाकी शर्टाच्या खिशात जाडी-खोली मोजायचं व्हर्नियर ठेवलेला एक उंच माणूस उभा होता.

"नाव?"

"संतोष बिरादार. भालकीजवळचा आहे."

"जवळचा म्हणजे किती जवळचा?"

"अकरा किलोमीटर."

"मोजलंस?"

"नाही, बसच्या तिकिटावर असतं..."

"म्हणजे नाही मोजलंस." त्यांनी पायाशी पडलेल्या एका रिमकडे बोट केलं. "हे किती इंची?"

मी वाकून पाहिलं. आतल्या बाजूला आकडा कोरलेला होता. "अठरा."

"कोणी सांगितलं?"

"आत कोरलंय, काका."

"कोरणारा तुझा मामा लागतो का?"

सलीमभाई मागून हसला. काकांनी मला टेप दिली आणि रिम मोजायला लावलं. टायर नेमका कुठे टेकतो तिथून मोजायचं, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. तीनदा मोजलं. अठराच भरलं.

"बरोबरच होतं की काका," मी जरा जोरातच म्हणालो.

"होतं. पण तुला माहीत नव्हतं," ते म्हणाले आणि निघून गेले.

आमच्या घरात मी पहिला शिकलेला. वडिलांना सहीपुरतं येतं, आईला तेवढंही नाही. घरात कुठलाही छापील कागद आला की तो मास्तरांकडे नेऊन वाचून घ्यायचा आणि त्यात असेल ते खरं मानायचं, अशी रीत होती. माझ्या पुस्तकाला पाय लागला तर आई मला त्याच्या पाया पडायला लावायची. छापलेलं खोटं असू शकतं, ही गोष्ट मला पदवी मिळेपर्यंत कोणी सांगितली नव्हती.

दिगंबरकाकांचं उलट होतं. ते कुलकर्णी, चार पिढ्या हैदराबादेत. त्यांचे वडील नोंदणी कचेरीत कारकून होते आणि रोज संध्याकाळी जेवताना, आज कोणी कोणाची खोटी सही केली, याच्या गोष्टी मुलांना सांगत. दुसऱ्या घरांतली मुलं राजा-राणीच्या गोष्टी ऐकून झोपली, काका बनावट दस्तऐवजांच्या. मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटायची?" ते म्हणाले, "हौ, वाटायची की. अजून वाटते."

आमचं वर्कशॉप सिकंदराबादेत. तिथे जमिनीला चिकटून चालणाऱ्या दोन दारांच्या वेगवान गाड्या यायच्या. शहरातल्या खड्ड्यांत सगळ्यात आधी जातात ती त्यांची चाकं. रिम वाकतं, चिरतं, आणि मालकाला नवी चाकं हवी असतात. पाच भोकांत पाच बोल्ट गेले म्हणजे चाक बसलं, असं लोकांना वाटतं. काकांच्या मते ती सगळ्यात सोपी परीक्षा, नापास होणाराही ती पास होतो. मधलं भोक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोल तुकड्यावर चाक चढतं त्यावर, अंगठीसारखं बसायला हवं, कारण ढिलं असलं तर गाडी वेगात थरथरते. चाक आत किती आणि बाहेर किती राहतं ते जुळायला हवं. रिमचे आरे ब्रेकला घासता कामा नयेत, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या पत्र्याला लागता कामा नये. हे सगळं गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पाहिलं तर फसवं दिसतं. ती स्वतःच्या वजनाने खाली बसल्यावर पुन्हा पाहायचं.

ब्रेक आणि आरे यांच्यात किती जागा राहते हे पाहायला काकांची स्वतःची रीत होती. काकू त्यांना डब्यासोबत रोज एक कणकेचा गोळा द्यायच्या. ते ब्रेकवर चार ठिकाणी कणकेच्या गोळ्या चिकटवत, चाक चढवत, हाताने एक फेरी फिरवत, चाक काढत आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी मोजत. बाजारात मिळणारी मुलांची रंगीत माती त्यांना चालत नसे. "त्यात काय घालतात कोण जाणे. ही माझ्या घरातली आहे."

त्यानंतर बोल्ट. पाना लावायच्या आधी प्रत्येक बोल्ट ते बोटांनी फिरवत आणि फेरे मोजत. बहुतेक गाड्यांना दहा-अकरा फेरे बसतात. तेवढे आटे आत गेले तर चाक धरून राहतं. सगळं मनासारखं झालं की एका निळ्या कागदावर सही करत आणि ती सही झाल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, असा मालक रेड्डीसाहेबांचा हुकूम होता.

आणखी एका कागदावर त्यांची सही लागे. नवा इंजिनिअर सहा महिने उमेदवारीवर असायचा. शेवटी काकांनी शेरा लिहून सही केली तर तो कायम, नाहीतर परत गावी. माझ्या आधीचे दोघे परत गेले होते. मला परत जायचं नव्हतं. गावात वडिलांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरगा हैदराबादेत साहेब झाला. ती सही मिळेल का, एवढाच विचार घेऊन मी सहा महिने झोपलो आणि उठलो.

काकांचा संशय वर्कशॉपपुरता नव्हता. सलीमभाई म्हणायचा, "कुलकर्णीसाब खुद की परछाईं कू बी पूछते, कौन भेजा तेरे कू." एका रविवारी ते मला बेगम बाजारात घेऊन गेले, जिरं घ्यायला. ओळखीच्या दुकानदाराने लांबूनच हाक मारली, "आओ साब, आपके वास्ते पहले से चुन के रखा हूँ."

काका थांबले. "पहले से कायकू चुन के रखे?"

"आप परेशान होते बोलके."

"हौ," काका म्हणाले आणि शेजारच्या दुकानात शिरले. तिथे त्यांनी जिरं तळहातावर चोळलं, फुंकलं, खिशातलं लोहचुंबक काढून त्यावरून फिरवलं आणि मग घेतलं.

दुपारी त्यांच्या घरी जेवलो. काकू वाढत होत्या. मी जिऱ्याची गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, "यात काय नवल? मला बघायला हे तीनदा आले होते. तिसऱ्यांदा तर न सांगता. मी अंगणात गोवऱ्या मोजत होते."

"उजेड बदलतो," काका ताटातून मान न उचलता म्हणाले.

"मग काय दिसलं?"

"गोवऱ्या बरोबर मोजत होतीस."

काकू हसल्या. नवऱ्याने आपली परीक्षा घेतली याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं.

माझ्या उमेदवारीचा शेवटचा आठवडा चालू होता तेव्हा डॉ. माधवींची गाडी आली. या शहरातल्या एका रुग्णालयात त्या शस्त्रक्रिया करायच्या. लाल, दोन माणसांची गाडी, वर्षापूर्वी जुनी म्हणून विकत घेतलेली. पुढचं डावं चाक खड्ड्यात वाकलं होतं आणि त्यांना चारही नवी हवी होती. रेड्डीसाहेबांनी पहिल्यांदाच ते काम पूर्ण माझ्यावर सोपवलं. मी वही घेऊन बसलो.

"गाडीत काही बदल केलेत का, मॅडम?"

"काहीच नाही. कंपनीतून आली तशीच आहे."

मी वहीत लिहिलं: बदल नाहीत. मग कॅटलॉग उघडला. काय सुंदर कॅटलॉग होता तो! जाड, गुळगुळीत पानं, प्रत्येक गाडीचं नाव आणि समोर तिचे आकडे. मी तीनदा वाचले, लिहून काढले आणि चाकं मागवली. आलेलं चाक मागच्या हबवर चढवून पाहिलं. अंगठीसारखं बसलं. पुढच्या बाजूला त्या वेळी दुसरं काम चालू होतं. चारही चाकं सारखीच तर होती. मी त्यांच्यावर टायर चढवून घेतले.

काकांचा नियम होता, टायर सगळ्यात शेवटी. कोरं रिम चारही ठिकाणी लावून पाहायचं, कारण एकदा टायर चढला की विकणारा ते रिम परत घेत नाही. मला तो नियम पाठ होता. पण काका त्या दिवशी बहिणीला गाडीत बसवून द्यायला नामपल्ली स्टेशनवर गेले होते, आणि आपण त्यांच्याशिवाय एक काम पूर्ण करून दाखवू, असं मला वाटलं.

पुढचं चाक चढवलं आणि हाताने फिरवलं. कर्रर्र आवाज आला. आरे ब्रेकला घासत होते.

मी ते उतरवलं. दुसऱ्या बाजूला लावून पाहिलं, तोच आवाज. सलीमभाई जवळ आला, वाकून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "पतली चकती डाल दे बीच में. कौन देखता?"

हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची ती चकती, म्हणजे स्पेसर. पाच मिलिमीटरची. ती घातली की चाक तेवढं बाहेर सरकतं, ब्रेकला लागत नाही. बोल्ट मात्र तेच राहतात, त्यामुळे त्यांचे आटे तेवढे कमी आत जातात. हे मला कळत होतं. मी चकत्या घातल्या. चाक लोण्यासारखं फिरलं.

काका दुपारी तीनला आले. बोर्डावरच्या वेळेवर त्यांचा भरवसा नसल्याने गाडी प्लॅटफॉर्म सोडेपर्यंत ते तिथेच उभे राहिले होते. येताच त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मागच्या चाकाचा एक बोल्ट सोडला, बोटांनी पुन्हा फिरवला. "दहा." दुसरं मागचं चाक. "दहा." मग पुढे आले. मी पाच पावलांवर उभा होतो. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते.

ते थांबले. बोल्ट काढून पुन्हा लावला. परत थांबले.

"बिरादार. सातच का?"

मी सगळं सांगून टाकलं. चकत्या घातल्या, टायर आधी चढवले, पुढे लावून पाहिलं नाही, आणि मुळात कॅटलॉग चुकीचा वाचला. चूक माझीच. सलीमभाईचं नाव मी घेतलं नाही, तो मागे पाने पुसत उभा होता. 

मला वाटलं, आता ते रेड्डीसाहेबांकडे जातील. ते माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. जिऱ्याकडे पाहायचे तसेच.

"एवढं सगळं एकदम कबूल करणारा माणूस मला पटत नाही," ते म्हणाले. "कोणाला वाचवतोस?"

"कोणालाच नाही, काका."

"चाकं विकणाऱ्याने काही दिलं का तुला?"

"नाही!"

"ओरडू नको. मी विचारतोय." त्यांनी पुढचं चाक उतरवायला लावलं. "कॅटलॉग आण."

मी आणला. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं आणि माझ्या वहीतले आकडे एकेक करून ताडून पाहिले. मग वाकलेलं जुनं चाक मागवलं. ते मी कोपऱ्यात ठेवून दिलं होतं. वाकलेल्या चाकाकडे कशाला पाहायचं, असं मला वाटलं होतं. काकांनी तारेच्या ब्रशने त्याच्या आतल्या बाजूची ब्रेकची काळी राख घासून काढली. चाक आत-बाहेर किती राहतं त्याचा आकडा दिसला. कॅटलॉगमधला नव्हता. त्या आकड्यावरही विश्वास न ठेवता त्यांनी चाक जमिनीवर पालथं घातलं, वर पट्टी आडवी धरली आणि व्हर्नियरने खोली मोजली. मग ते गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसता ब्रश घासल्याचा आवाज येत राहिला.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर राख होती.

"कॅटलॉग चुकीचा वाचला म्हणालास ना?"

"हो."

"खोटं आहे. बरोबर वाचलास. तीच तुझी चूक." त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि टॉर्च धरली. "हे ब्रेक या गाडीचे नाहीत. मोठ्या गाडीचे काढून लावलेत, वरून रंग दिलाय. म्हणून आधीच्या मालकाने चाकंही बदलली. तुझ्या पुस्तकातली गाडी वेगळी आणि ही वेगळी. आणि ही नळी बघ."

ब्रेकची रबरी नळी आखूड होती. काकांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं तेव्हा ती दोरीसारखी ताणली गेली. एका जागी रबराला बारीक भेगा होत्या. माझ्या चकत्यांवर निळी सही झाली असती तर ती गाडी त्या नळीसकट फाटकाबाहेर गेली असती.

संध्याकाळी डॉ. माधवी आल्या. रेड्डीसाहेब त्यांना समजावून सांगत होते. त्या म्हणाल्या, "पण यात काहीच बदललेलं नाही."

"कोणी सांगितलं, मॅडम?" काकांनी विचारलं.

"ज्यांच्याकडून घेतली त्यांनी. माझे सीनियर आहेत. मी त्यांच्या हाताखाली शिकले."

काकांनी त्यांना टॉर्च दिली. साडीचा पदर खोचून त्या चाकाच्या खोबणीत वाकल्या आणि बोटाने ती भेग दाबून पाहिली. सर्जनचं बोट ते, नेमकं जागेवर गेलं. उठल्यावर त्यांनी फोनवर त्या सीनियरांचा नंबर काढला. फोन लावला मात्र नाही.

"मीही तपासायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"तुमचा दोष नाही, मॅडम," रेड्डीसाहेब घाईने म्हणाले.

"आहे की," काका म्हणाले. "थोडा."

मागची दोन चाकं बसत होती, ती राहिली. पुढची दोन वाया गेली. त्या ब्रेकना जागा देणारी, आरे बाहेरच्या बाजूला वळलेली दुसरी मागवायचं आणि ती नळी बदलायचं ठरलं. मॅडम गेल्यावर रेड्डीसाहेब माझ्याकडे न पाहता काकांना म्हणाले, "क्या करना इसका?"

काकांनी काहीच लपवलं नाही. आधी टायर चढवले हे सांगितलं, चकत्यांचंही सांगितलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. मग ते म्हणाले, "फॉर्म दीजिए. कल देता."

रात्रभर मी गावी जायची बॅग भरू की नको याचा विचार केला. दुसऱ्या दिवशी काका आले, डबा ठेवला, कणकेचा गोळा काढून ओल्या फडक्यात ठेवला आणि चार घड्या केलेला फॉर्म माझ्या हातात दिला. शेऱ्याच्या जागी त्यांच्या उभट अक्षरात लिहिलेलं होतं:

"चूक केली. विचारल्यावर सांगितलं. न विचारता सांगायला शिकावं. ठेवून घ्यावं. तपासत राहावं."

खाली सही होती.

मी वडिलांना फोन करून ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तपासत राहावं म्हणजे काय रे?"

"म्हणजे काका माझ्यावर लक्ष ठेवणार."

"मग चांगलं आहे," वडील म्हणाले. "कुणीतरी पाहिजे."

काकांनी पुढची दोन वर्षं खरंच लक्ष ठेवलं. मी मोजलेलं प्रत्येक चाक त्यांनी पुन्हा मोजलं. एकदाही "शाबास" म्हणाले नाहीत. मोजून झाल्यावर आकडा माझ्या आकड्याशी जुळला की ते फक्त पुढच्या चाकाकडे जात. तेवढं पुढे जाणं मला पुरायचं. चाक बसवताना आजही माझे ओठ हलतात आणि हाताखालची पोरं हसतात.

ते निवृत्त झाले त्या दिवशी योगायोगाने डॉ. माधवींचीच गाडी सर्व्हिसिंगला आलेली होती. सत्कार, हार, समोसे झाले. हार कुठल्या फुलांचा आहे हे त्यांनी वासाने पाहून घेतलं. गाडीच्या निळ्या कागदावर पहिल्यांदाच एकट्या माझी सही होती. मला ती रुग्णालयात पोहोचवायची होती. मी म्हणालो, "काका, चला, तुम्हाला घरापर्यंत सोडतो."

"नक्को. आत बसलो तर मला आवाज कसा येणार?"

मी निघालो. फाटकाबाहेर पडून वळणाकडे हळूहळू जात होतो. आरशात पाहिलं तर काका रस्त्यावर येऊन उभे होते, गळ्यात हार तसाच, मान एका बाजूला कलती. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, निरोप देतायत. मीही काच खाली करून हात हलवला. त्यांचा हात खाली गेला नाही. तळवा माझ्याकडे होता.

मी गाडी मागे घेतली.

"मागचं डावं," ते म्हणाले. "टिक टिक येतंय."

मी उतरलो. ते आधीच गुडघ्यावर बसले होते, हार जमिनीला टेकलेला. त्यांनी टायरच्या खाचेत नखाने चाचपलं, मग घराची किल्ली काढली आणि एक हरभऱ्याएवढा खडा उकरून काढला. तळहातावर घेऊन त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, खिशात टाकला, आणि बाकीच्या तिन्ही चाकांपाशी वाकून आले.

"आता जा," ते म्हणाले.